सायन्सची समर इंटर्नशिप: आमचे ३८ हजार कुठे गेले आणि फुकटातलं काय चाललं

आधीच सांगते, मी सायन्सवाली नाही. बीकॉम करून फोर्टातल्या इन्शुरन्सच्या ऑफिसात बावीस वर्षं काढलीत, त्यामुळे यात काही टेक्निकल चुकलं तर लेकीला नाही, मला बोला. पण मुलुंडहून रोज लोकलने येता-जाता गेली दोन वर्षं मी एवढंच करत होते, की अकरावी-बारावीच्या मुलांना सुट्टीत रिसर्च करायला मिळेल असं कुठे काय आहे ते शोधायचं आणि सेव्ह करून ठेवायचं. आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आता परत तेच प्रश्न सुरू झालेत, अमुक इंटर्नशिप कशी आहे, तमुकला पैसे भरू का. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिली घेतली ती ऑनलाइन, पैसे भरून. नाव लिहीत नाही, कारण अशा दहा आहेत आणि सगळ्यांची जाहिरात एकसारखी असते. दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि दुसऱ्या दिवशी मला इन्स्टावर ती दिसली, आता फोनला कसं कळलं देव जाणे. आठ आठवडे, परदेशातल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारा मेंटॉर, शेवटी रिसर्च पेपर, सर्टिफिकेट आणि लेटर ऑफ रेकमेंडेशन. फी ३८ हजार, "अर्ली बर्ड" धरून. आधी इंटरव्ह्यू घेतात म्हणे, म्हटलं वा, सिलेक्शन आहे म्हणजे काहीतरी असेल. वीस मिनिटांचा इंटरव्ह्यू झाला आणि पंधरा मिनिटांत "काँग्रॅच्युलेशन्स"चा मेल आला सोबत पेमेंट लिंक घेऊन. तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं, पण लेक एवढी खूश होती की नवऱ्याने एफडी मोडली नाही पण त्याच्या जवळपास गेलो.

दर शनिवारी रात्री नऊला झूम. ग्रुपमध्ये बारा मुलं. मेंटॉर मुलगा वाईट नव्हता, बिचारा दमलेला असायचा. विषय होता एआय वापरून एक्सरेवरून आजार ओळखायचा. डेटा तयार, कोडही तयार, मुलांनी फक्त काही आकडे बदलून रन करायचं. शेवटी हिचं उत्तर आलं ९७ टक्के अचूक! घरात पेढे. सासूबाईंनी तर शेजारी सांगून टाकलं की आता नातीने कॉम्प्युटरला डॉक्टर केलं.

गंमत अशी की हिला स्वतःलाच ते पटेना. तिने ग्रुपवर विचारलं की सर एवढं कसं काय बरोबर येतं, तर वरती अंगठा आला, उत्तर नाही. मग आमच्या खालच्या मजल्यावरचा दादा, इंजिनिअर आहे, पवईला कामाला जातो, त्याला दाखवलं. त्याने दहा मिनिटांत सांगितलं, अगं एकाच पेशंटचे तीन-तीन एक्सरे आहेत यात, त्यातला एक तू मशीनला शिकवायला दिलास आणि दुसरा परीक्षेला. म्हणजे पेपर फुटलेला आहे. ९७ येणारच. तिने ते पेशंटनुसार वेगळं करून परत रन केलं तर ७०च्या आसपास आलं आणि ती जे हसली ते पूर्ण सुट्टीत पहिल्यांदा. तिने हे मेंटॉरला लिहिलं तर तो म्हणाला छान, पण आता पेपर सबमिट झालाय.

लेटर ऑफ रेकमेंडेशन आलं त्यात पहिल्या पॅरात माझ्या लेकीला "शी" म्हटलंय आणि दुसऱ्या पॅरात इंग्रजीतलं "ही", म्हणजे मुलगा. कॉपी-पेस्ट करताना तरी बघायचं होतं ना. सर्टिफिकेटला सोनेरी बॉर्डर आहे, ती मात्र छान आहे.

यावरून एक गोष्ट मी गाठीला बांधली आणि नंतर प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न विचारला: मुलीचं चुकलं तर ते कोण बघणार आणि कधी बघणार? वेबसाइटवर नोबेलवाल्यांचे फोटो आहेत का, पेपर छापून येणार का, हे सगळं नंतर. माझ्या ऑफिसमध्ये पण नवीन पोरगा येतो तेव्हा त्याचा क्लेम फॉर्म कोणीतरी लाल पेनने खराब करतो म्हणूनच तो शिकतो.

आता जिथे जाता आलं नाही तेही सांगते, कारण ते शोधण्यात माझा जास्त वेळ गेला.

इस्रोचा युविका कार्यक्रम बेस्ट, मे महिन्यात दोन आठवडे इस्रोच्या सेंटरमध्ये राहायचं, प्रवास-राहणं-खाणं सगळं इस्रोचं. २०१९ पासून चालू आहे. पण तो नववीतल्या मुलांसाठी आहे हो! आणि आठवीचे मार्क मोठ्या वजनाने धरतात, गावातल्या शाळेच्या मुलांना जास्त वेटेज आहे, जे बरोबरच आहे. आम्हाला कळलं तेव्हा ही दहावीत. ज्यांची मुलं आत्ता आठवी-नववीत आहेत त्यांनी हे वाचून झाल्यावर लगेच कॅलेंडरवर जानेवारीपासून खूण करून ठेवा.

पुण्यात आयुकात, म्हणजे खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत, शाळेच्या मुलांचा उन्हाळी कार्यक्रम असतो. माझ्या नणंदेच्या मुलाने केलाय. एक आठवडा एका शास्त्रज्ञाबरोबर बसायचं, सिलॅबस वगैरे काही नाही, तो जे करतोय त्यातलं छोटं काहीतरी करायचं आणि शेवटी रिपोर्ट लिहायचा. नारळीकर सरांनी उभी केलेली संस्था, म्हणजे मुलांनी सही मागितली तर पोस्टकार्डवर प्रश्न लिहून पाठव म्हणणारा माणूस, त्यामुळे तिथे हे असणारच. पण तो पुण्याच्या शाळांसाठी आहे, शाळेनेच नावं पाठवायची. मुंबईकर बसा चडफडत.

आपल्याकडे मानखुर्दचं होमी भाभा सेंटर आहे, त्याचं ऑलिम्पियाडचं (विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं) उन्हाळी शिबिर म्हणजे देशातली निवडक मुलं, आणि तिथले प्रॅक्टिकल ऐकूनच मला घाम फुटला. पण ती इंटर्नशिप नाही आणि अर्ज करून मिळत नाही, नोव्हेंबरची पहिली परीक्षा, मग जानेवारी-फेब्रुवारीची दुसरी, असं गाळत गाळत जावं लागतं. फिजिक्सची शेवटी पाच मुलं देशाकडून जातात, केमिस्ट्रीची चार. सहावीत बालवैज्ञानिकची परीक्षा दिलेली प्रत्येक मुंबईची आई ते स्वप्न बघते, मीही बघितलं, पहिल्याच गाळणीत अडकलो, झालं. टीआयएफआरला (टाटांची मूलभूत संशोधन संस्था) कुलाब्याला उन्हाळ्यात मुलं घेतात हे खरं, पण ती कॉलेजात डिग्री करणारी. शाळा-ज्युनिअर कॉलेजवाल्यांनी तिथला फॉर्म भरण्यात वेळ घालवू नका. त्यापेक्षा त्यांचं "चाय अँड व्हाय" असतं, म्हणजे विज्ञानावरच्या गप्पा, जुहूला पृथ्वी थिएटरमध्ये आणि माटुंग्याला रुपारेल कॉलेजमध्ये, रविवारी सकाळी, फुकट, त्याला जा. लेकीने तिथेच एका मॅडमना गाठून विचारलं की बारावीच्या आधी लॅबमध्ये कसं जायचं आणि त्यांनी जे सांगितलं त्याने आमचं काम झालं, ते पुढे येतंय.

अमेरिकेतली पण बघितली, उगाच नको म्हणायला. एमआयटीमधली आरएसआय (शाळेच्या मुलांसाठीचा उन्हाळी रिसर्च) १९८४ पासून आहे, साधारण शंभर मुलं, शिकवण्या-राहण्याचे पैसे घेत नाहीत. म्हणजे जी खरोखर भारी आहे ती पैसे मागत नाही, आणि जी मला रात्री अकराला फोन करून "लास्ट टू सीट्स मॅम" म्हणते ती मागते. हे लक्षात आलं तेव्हा ३८ हजार परत आठवले. दुसरं समर सायन्स प्रोग्रॅम, १९५९ पासूनचं, त्यात तीन-तीन मुलांच्या टीमने टेलिस्कोपवर लघुग्रह बघायचा आणि त्याची कक्षा स्वतः काढायची, १८०१ साली सेरेस नावाचा लघुग्रह सापडून परत दिसेनासा झाला होता तेव्हा गाउस या गणितज्ञाने जी पद्धत लावली तशी. फी डॉलरमध्ये दणकून आहे पण घरच्या परिस्थितीप्रमाणे मदत देतात. हिने फॉर्म भरला नाही, निबंध लिहिता लिहिता क्लासची टेस्ट सिरीज आली. आणि अमेरिकेतल्या बऱ्याच लॅबच्या इंटर्नशिप, म्हणजे स्टोनी ब्रूकची सायमन्सवाली वगैरे, त्या तिथले नागरिक किंवा ग्रीनकार्डवाल्यांसाठीच असतात. एलिजिबिलिटीची ओळ सगळ्यात आधी वाचा, फोटो नंतर बघा. मी उलटं केलं.

लघुग्रहावरूनच, एक फुकटातलं सापडलं ते आम्ही खरंच केलं. इंटरनॅशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन. हवाईमधल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीचे फोटो येतात, एकाच जागेचे चार, थोड्या थोड्या वेळाने काढलेले. अ‍ॅस्ट्रोमेट्रिका नावाचं सॉफ्टवेअर आहे, विंडोजवर चालतं (म्हणून नवऱ्याचा ऑफिसचा जुना लॅपटॉप बाहेर निघाला), त्यात ते चार फोटो एकामागोमाग ब्लिंक करायचे आणि हजारो ठिपक्यांत कोणता एक ठिपका सरळ रेषेत, सारख्या वेगाने सरकतोय ते शोधायचं. मी पण बसले दोन रात्री. डोळ्यांची वाट लागते पण व्यसन आहे हो ते, मालिका बघण्यापेक्षा बरं. हिने पहिल्या आठवड्यात चार शोधले आणि टीमची ताई, बीएस्सीला आहे, तिने चारातले तीन उडवले. एक कॅमेऱ्याचा खराब पिक्सेल, एक चौथ्या फोटोत रेषेतून बाहेर गेलेला, एक इतका फिकट की सिग्नल कुठला आणि खरखर कुठली ते कळत नव्हतं. आणि प्रत्येकाखाली कारण लिहून. ३८ हजारांत जे मिळालं नाही ते तीन ओळींत मिळालं. फक्त एक, "माझ्या मुलीने ग्रह शोधला" असं लगेच पेपरात द्यायला जाऊ नका. प्राथमिक नोंद होते, पक्कं व्हायला वर्षंच्या वर्षं लागतात. आमच्या ओळखीत एकांनी बॅनर लावला होता नाक्यावर.

आता मेन.

रुपारेलला भेटलेल्या त्या मॅडमनी सांगितलं होतं की मोठ्या संस्थांच्या मागे लागू नका, तिथे अठरा वर्षांखालच्या मुलांना लॅबमध्ये घेणं त्यांच्याही हातात नसतं. जवळच्या डिग्री कॉलेजच्या केमिस्ट्री किंवा झूऑलॉजी विभागाला लिहा, जानेवारीत लिहा, आणि "मला रिसर्चमध्ये इंटरेस्ट आहे" असं लिहू नका, काय बघायचंय ते लिहा. लेकीने चौदा मेल टाकले. दोन उत्तरं आली. एक नाही म्हणाले, एक सर म्हणाले ये, पण मी पैसे देणार नाही आणि घेणार पण नाही, बाटल्या धुवाव्या लागतील. कॉलेजचं नाव सरांनीच लिहू नका सांगितलंय, नाहीतर म्हणाले पुढच्या वर्षी दोनशे आया उभ्या राहतील.

पहिला आठवडा खरंच बाटल्या धुतल्या. ही घरी येऊन चिडचिड, आई मी मोलकरीण आहे का. मी म्हटलं घरी एक कप धुवत नाहीस, बरं झालं. दुसऱ्या आठवड्यापासून पवई तलावाच्या पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा. तो कसा मोजतात हे मला आता पाठ आहे. तीनशे मिलिची जाड काचेची बाटली, तिला तिरपं कापलेलं काचेचं बूच, ती पाण्याखाली भरायची आणि आत हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये, मोहरीएवढा राहिला तरी फेकून परत भर. मग तिथल्या तिथे, तलावाच्या काठावरच, दोन औषधं घालायची, मँगनीजचं एक आणि आयोडाइडचं एक, की तपकिरी गाळ बसतो. ऑक्सिजन नसेल तर गाळ पांढरा. तो तपकिरी रंग म्हणजेच पकडलेला ऑक्सिजन. लॅबमध्ये आल्यावर त्यात सल्फ्युरिक अ‍ॅसिड (ते लॅबवाले काका स्वतः घालायचे, हिला हात लावू द्यायचे नाहीत, गॉगल घातल्याशिवाय जवळ उभंसुद्धा राहू द्यायचे नाहीत), मग थेंब थेंब थायोसल्फेट, मध्ये स्टार्च घातलं की निळंशार आणि शेवटच्या एका थेंबाला एकदम पाण्यासारखं साफ. तो शेवटचा थेंब ही आठ दिवस चुकवत होती. काका म्हणायचे, पोरी, तू बघतेस बाटलीकडे आणि हात आहे मोबाइलवर असल्यासारखा.

मग आलं ते. एके दिवशी हिचं रीडिंग आलं ११.४ मिलिग्रॅम दर लिटरला. तीस डिग्रीच्या पाण्यात साडेसातच्या आसपासच मावतो म्हणे ऑक्सिजन, आणि पवई तर घाण, जलपर्णी, सांडपाणी, तिथे कमीच यायला हवा. हिला वाटलं चुकलं. सरांना वाटलं थायोसल्फेट बिघडलं, ते नव्याने तपासायला लावलं, ठीक निघालं. परत तीनदा केलं, तेवढंच. तेव्हा काकांनी विचारलं, बाटली किती वाजता भरलीस? दुपारी अडीच. आणि आधीच्या? सकाळी सात. काका म्हणाले, मग शेवाळं दिवसभर झोपलंय का?

पाण्यातलं हिरवं शेवाळं उन्हात ऑक्सिजन सोडत असतं, भरपूर खत मिळालेल्या तलावात इतकं की पाण्यात मावेल त्याच्या वर जातो, आणि रात्री तेच शेवाळं आणि बाकी सगळे तोच ऑक्सिजन खातात म्हणून पहाटे मासे मरायची वेळ येते. हे तिच्या पुस्तकात कुठेतरी असेलही. पण सरांनी सांगून टाकलं नाही, म्हणाले बघून ये. म्हणून एका रविवारी पहाटे सहा ते संध्याकाळी सहा, दर दोन तासांनी एक बाटली. मी, नवरा, छत्री, थर्मास, पोळीभाजीचे डबे, गणेश घाटाच्या पायरीवर. पाण्यात उतरायचं नाही हे सरांनी बजावलेलं, पवईत मगरी आहेत हे काय सांगायला नको, दोरीला बांधलेली बादली टाकून वरून. सकाळी सहाला ३.१. मग चढत चढत दोन वाजता ११च्या वर. सहा वाजता उतरायला लागलेला. वॉचमन येऊन विचारून गेला की पालिकेकडून आलात का. लेक म्हणाली नाही काका, प्रॅक्टिकल आहे.

तो ग्राफ तिने हाताने काढलाय, ग्राफ पेपरवर, आणि सरांनी त्यावर लाल पेनने लिहिलंय: "रात्रीचं काय?" बस्स तेवढंच. मी त्याचा फोटो काढून ठेवलाय, सोनेरी बॉर्डरवालं कुठे आहे मला माहीत नाही.

एक तक्रार करून टाकते, सगळं गोड नाही. सर दोन आठवडे पेपर तपासायला गेले तेव्हा काही झालंच नाही, काका नसते तर ही घरी बसली असती. सर्टिफिकेट म्हणाल तर लेटरहेडवर चार ओळी, त्यातली एक हजेरीबद्दल. कोणाला परदेशी अ‍ॅडमिशनसाठी जाडजूड फाइल दाखवायची असेल तर ही जागा नाही. आणि बारावीच्या क्लासची बॅच एप्रिलमध्येच सुरू होते, आम्ही एक महिना बुडवला, क्लासच्या मॅडमनी फोन करून मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. खरं तर आपल्या बोर्डाच्या मुलांना मोकळा वेळ मिळतो तो दहावीनंतरच, मार्चमध्ये पेपर संपतात आणि अकरावी धड सुरू व्हायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. ती सुट्टी आम्ही झूमवर घालवली. तेव्हाच कोणी काका भेटायला हवे होते.

स्टार द्यायचेच तर ऑनलाइनवालीला दीड, त्यातला एक त्या दमलेल्या मुलाला. लघुग्रहवाल्याला चार, फुकट आणि घरबसल्या, चष्म्याचा नंबर वाढला तर तुमचं तुम्ही बघा. कॉलेजच्या लॅबला साडेचार. अर्धा कापला कारण मे महिन्यात कँटीन बंद असतं आणि रोज डबा मला करायला लागला.

आणि हो, कोणाकडे घट्ट झाकणाचा काळा डबा असेल तर सांगा. आता हिला घरी त्या पाण्याचा बीओडी बघायचाय, म्हणजे त्यातले जंतू किती ऑक्सिजन खातात ते, आपल्याकडे २७ डिग्रीवर तीन दिवस अंधारात ठेवतात म्हणे. सध्या पवईच्या दोन बाटल्या माझ्या डाळीच्या डब्यांमागे आहेत.